निवडणुकीचा पैसा आणि प्रतिनिधीचे देणे : कोरेगाव तालुक्याच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
कोरेगाव, फलटण व कराड उत्तर विधानसभा मतदारसंघांचे सन्माननीय आमदार, आणि
सातारा व माढा लोकसभा मतदारसंघांचे सन्माननीय खासदार यांस,



कोरेगाव हा महसुली दृष्टीने एकच तालुका असला, तरी मतदारसंघांच्या 2008 च्या पुनर्रचनेनंतर त्याची गावे तीन विधानसभा आणि दोन लोकसभा मतदारसंघांत वाटली गेली आहेत. कोरेगाव शहर व त्याच्या आसपासची गावे कोरेगाव मतदारसंघात आहेत, रहिमतपूरच्या बाजूचे मतदार कराड उत्तरमध्ये मतदान करतात, वाठार स्टेशनकडील गावे फलटणला जोडलेली आहेत आणि फलटण माढा लोकसभा मतदारसंघात येत असल्यामुळे एकाच तहसील कचेरीत कामे घेऊन जाणारे शेजारी दिल्लीला वेगवेगळे खासदार पाठवतात. म्हणूनच हे पत्र एका व्यक्तीला किंवा एका पक्षाला उद्देशून नाही, तर या तालुक्याच्या वतीने सभागृहात बोलण्याचा अधिकार ज्यांना आज मिळाला आहे आणि पुढे ज्यांना मिळेल, अशा सर्वांना उद्देशून आहे. निवडणूक लढवण्यासाठी लागणारा पैसा कोठून येतो, त्यातला किती भाग कायदा पाहतो आणि जो भाग कायद्याच्या नजरेबाहेर राहतो त्याचा प्रतिनिधित्वाच्या नात्यावर काय परिणाम होतो, हा या पत्राचा विषय आहे. पैसा किती, यापेक्षा तो कोणाचा, हा प्रश्न मोठा आहे आणि सध्याचा कायदा मात्र पहिल्याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिला आहे, हे या पत्राचे म्हणणे आहे.

सर्व नागरिकांना एकाच वेळी सभागृहात बसता येत नाही, म्हणून ते आपल्यातील एकाला आपल्या वतीने निर्णय घेण्यास पाठवतात, ठरावीक मुदतीने त्याला जाब विचारतात आणि तो आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाचा बांधील असू नये अशी अपेक्षा धरतात. प्रातिनिधिक शासनाचा पाया इतकाच आहे. या पायाला आणखी एक बाजू आहे आणि ती सर्वांत स्पष्टपणे मांडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी दाखल झालेले विद्यार्थी होते. मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे 1919 साली त्यांनी असे प्रतिपादन केले, की शासन लोकांचे होण्यासाठी लोकांच्या विचारांना सभागृहात वाव मिळणे पुरेसे नाही, खुद्द त्या लोकांनाही तेथे पोहोचता आले पाहिजे. मालमत्तेवर आधारलेला मताधिकार अस्पृश्य समाजाला बाहेर ठेवतो, म्हणून त्यांच्यासाठी पात्रतेची अट खाली आणावी, ही त्यांची मागणी याच विचारातून आली होती.

मालमत्तेची ती अट पुढेही बराच काळ टिकली. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 3 कोटी लोकांनाच मत होते आणि ते महसूल, घरभाडे, प्राप्तिकर किंवा शिक्षण यांसारख्या निकषांवर मिळत असे. त्या निवडणुकीनंतर काँग्रेसने प्रारंभी मंत्रिमंडळ बनवण्यास नकार दिला, तेव्हा मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झालेले सर धनजीशा कूपर हे याच तालुक्यातील सातारा रोड येथे मोठा कारखाना चालवणारे उद्योजक होते. त्यांच्या कर्तृत्वाविषयी येथे काही उणे बोलायचे नाही. त्या काळची व्यवस्थाच अशी होती की सभागृहाची वाट मालमत्तेतून जात असे. 1950 साली राज्यघटनेच्या अनुच्छेद 326 ने प्रौढ मताधिकार आणला आणि ती वाट मतदारापुरती मोकळी झाली. तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उतरलेले क्रांतिसिंह नाना पाटील 1957 साली उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर गेले, तेव्हा त्यांच्यामागे संपत्ती नव्हती, संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन होते. त्यानंतरच्या दशकांत मात्र मतदाराच्या माथ्यावरून उतरलेली मालमत्तेची अट उमेदवाराच्या माथी बसली. ती कोठे लिहिलेली नाही, पण उमेदवारी मागायला जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला पहिला प्रश्न तिच्याविषयीच विचारला जातो.

ही अट आपोआप बसली नाही. तिला रोखण्यासाठी केलेल्या कायद्यात जी दारे उघडी राहिली, त्यांतून ती आत आली, म्हणून कायदा नेमका काय सांगतो हे आधी पाहणे आवश्यक आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 77 प्रमाणे प्रत्येक उमेदवाराने नामनिर्देशनाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत स्वतः केलेल्या, निवडणूक प्रतिनिधीने केलेल्या किंवा या दोघांनी अधिकार देऊन करवलेल्या खर्चाचा खरा हिशेब ठेवायचा असतो आणि तो खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ द्यायचा नसतो. कलम 78 प्रमाणे हा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो न दिल्यास निवडणूक आयोग उमेदवाराला कलम 10-क खाली 3 वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि मर्यादा ओलांडणे हे कलम 123 खाली भ्रष्ट आचरण ठरते. जानेवारी 2022 पासून महाराष्ट्रात ही मर्यादा विधानसभेसाठी 40 लाख आणि लोकसभेसाठी 95 लाख रुपये आहे. कोरेगावसारख्या सुमारे 3 लाख मतदारांच्या मतदारसंघात 40 लाखांचे दरडोई सुमारे 13 रुपये होतात, आणि साताऱ्याच्या जवळपास 19 लाख मतदारांमागे 95 लाखांचे अवघे 5 रुपये. ज्या कोणी वाठार, पुसेगाव, रहिमतपूर किंवा पाटणच्या डोंगरी वाड्यांतून प्रचाराची गाडी फिरताना पाहिली आहे, त्याला या आकड्यांशी प्रत्यक्षाचा मेळ बसतो असे मनापासून म्हणता येणार नाही.

तरीही या आकड्यांची राखण मोठ्या बारकाईने केली जाते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. निवडणूक जाहीर झाली की जिल्हा प्रशासन दरसूची प्रसिद्ध करते; तीत चहाचा कप, वडापाव, मिसळ, जेवणाचे ताट, प्लास्टिकची खुर्ची, मांडवाचा चौरस फूट, ध्वनिक्षेपक, फेटा, हार आणि जीपचे दिवसाचे भाडे अशा एकेका वस्तूचा दर ठरलेला असतो. उमेदवाराला खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते. त्याच्या नोंदवहीत रोजच्या खर्चाची पाने पांढरी, रोकड वहीची गुलाबी आणि बँक वहीची पिवळी असतात, आणि प्रचाराच्या काळात ती किमान तीनदा तपासणीसाठी हजर करावी लागते. आयोगाची पथके सभांचे चित्रीकरण करतात, खुर्च्या मोजतात आणि स्वतःची समांतर नोंदवही ठेवून दोन्ही हिशेब ताडून पाहतात. या कामी राबणारे शिक्षक, ग्रामसेवक आणि महसूल कर्मचारी ते प्रामाणिकपणे करतात. उणीव त्यांच्यात नाही, ज्या चौकटीत त्यांना मोजायला सांगितले आहे त्या चौकटीत आहे.

त्या चौकटीची पहिली मर्यादा काळाची आहे. हिशेब नामनिर्देशनाच्या दिवशी सुरू होतो, म्हणजे त्याआधीची वर्षे कायद्याच्या दृष्टीने खर्चाविना गेलेली असतात. प्रत्यक्षात आपल्या भागातला खरा खर्च याच वर्षांत होतो. इच्छुक उमेदवार गणेश मंडळांना वर्गणी देतो, दहीहंडीची बक्षिसे आणि कबड्डीचे चषक त्याच्या नावाने लागतात, बैलगाडा शर्यतीचा घाट तो सजवतो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साड्या आणि भांडी वाटतो, पंढरपूर-शिर्डीच्या देवदर्शनाच्या बसगाड्या भरतो, वाढदिवसाचे फलक कोरेगावच्या चौकापासून थेट एखाद्या वाडीच्या पाणवठ्यापर्यंत लावतो, आणि दवाखान्याच्या बिलापासून लग्नाच्या आहेरापर्यंत गावकऱ्यांच्या अडीअडचणीला उभा राहतो. यांतल्या कित्येक गोष्टी चांगल्या आहेत, काही तर ज्याच्या घरी अडचण आली त्याच्यासाठी देवासारख्या धावून येणाऱ्या आहेत, आणि त्या करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात मतांचाच हिशेब असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पाच वर्षे हा खर्च पेलणाऱ्यालाच उमेदवारी मागण्याचे बळ येते आणि न पेलणारा आधीच गळतो, ही वस्तुस्थिती बदलत नाही. वाघ्या घेवड्याच्या बाजारभावाचा प्रश्न जिने स्वतः सोसला आहे अशी शेतकरी बाई, किंवा वसना-वांगणा उपसा योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज करत आलेला उत्तर कोरेगावातला कार्यकर्ता, यांची गाठ मतदानाच्या दिवशी मतदारांशी पडण्याआधीच या खर्चाशी पडते. आंबेडकरांनी 1919 साली ज्या व्यक्तींच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला, ते येथे अडते.

दुसरी मर्यादा पक्षाच्या खर्चाची आहे आणि तिचा इतिहास अधिक बोलका आहे. दिल्ली सदर मतदारसंघातील 1971 च्या निवडणुकीवरून कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा ऑक्टोबर 1974 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेल्या खर्चाचा लाभ त्या उमेदवाराने जाणूनबुजून घेतला असेल, तर तो खर्च त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे. हा निर्णय टिकला असता, तर गेल्या पन्नास वर्षांचा निवडणुकीचा इतिहास वेगळा झाला असता. परंतु त्याच महिन्यात अध्यादेश निघाला, त्याचा पुढे कायदा झाला आणि कलम 77 ला जोडलेल्या स्पष्टीकरणाने पक्षाचा व इतरांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळला. याच सुमारास जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नेमलेल्या आणि मूळचे सासवडचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे अध्यक्ष असलेल्या समितीने 1975 साली निवडणूक सुधारणांचा अहवाल दिला, तेव्हा निवडणूक खर्च हा तिच्या चिंतेचा एक मुख्य विषय होता. अहमदनगर लोकसभा मतदारसंघातील 1991 च्या निवडणुकीवरून यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, त्या वेळी 1993 साली न्यायालयाने असे निरीक्षण नोंदवले, की खर्चाची मर्यादा फक्त उमेदवाराला लागू आहे, पक्षाने किंवा दुसऱ्या कोणी केलेला खर्च कायद्याच्या जाळ्याबाहेर सुरक्षित राहतो आणि त्यामुळे तरतुदीच्या मूळ हेतूलाच धक्का बसतो. 2003 च्या दुरुस्तीने ही पळवाट बरीच अरुंद केली आणि मुख्यतः पक्षाच्या ठरावीक नेत्यांच्या, म्हणजे मान्यताप्राप्त पक्षाच्या 40 प्रमुख प्रचारकांच्या, प्रवासखर्चापुरती सवलत ठेवली. पण एखाद्या उमेदवाराचे नाव न घेता पक्षाने केलेल्या सर्वसाधारण प्रचाराला आजही कोणतीच कमाल मर्यादा नाही, आणि तो प्रचार साताऱ्यातल्या मतदारापर्यंत पोहोचत नाही असे कोणी म्हणणार नाही.

उमेदवाराच्या परवानगीशिवाय परस्पर खर्च करणाऱ्याला शिक्षा आहे, पण तिचे स्वरूप पाहण्यासारखे आहे: 1920 साली दंड संहितेत घातलेल्या निवडणूकविषयक प्रकरणाने अशा खर्चासाठी कमाल 500 रुपये दंड ठेवला होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तो 10,000 रुपयांवर नेला.

या साऱ्याचा परिणाम असा, की हिशेब सादर होतात, पण ते खरे आहेत यावर सादर करणारा, तपासणारा आणि वाचणारा या तिघांचाही विश्वास नसतो. जून 2013 मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतील एका जाहीर कार्यक्रमात 2009 च्या लोकसभा निवडणुकीत आपला 8 कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले. त्या वेळची मर्यादा 25 लाखांची होती. आयोगाने त्यांना नोटीस दिली. महाराष्ट्राला धक्का बसला तो आकड्याचा नव्हे, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट एका मोठ्या नेत्याने उघड बोलून दाखवली याचा. हिशेबाच्या खरेपणाचा प्रश्न कायद्याच्या अंगाने पुढे आला तोही महाराष्ट्रातूनच. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघातून निवडून आलेले अशोक चव्हाण यांच्याविषयी प्रसिद्ध झालेला मजकूर बातमी होता की पैसे देऊन छापवलेली जाहिरात, असा वाद निर्माण झाला. त्यावर मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हिशेब वेळेवर दिला एवढे पाहून आयोगाचे काम संपत नाही, तो खरा आहे का, हेही आयोग तपासू शकतो. त्याच प्रकरणात आयोगाने पुढे चव्हाण यांच्याविरुद्ध काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला, हेही येथे नमूद केले पाहिजे. तत्त्व प्रस्थापित झाले. ते राबवणारी यंत्रणा मात्र अजून उभी राहायची आहे.

पैसा कोणाचा, या प्रश्नावर महाराष्ट्रात फार पूर्वी आणि फार गंभीरपणे विचार झाला आहे. 1957 साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता आणि त्याला एका भागधारकाचा विरोध होता. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी कायद्यात बंदी नसल्यामुळे कंपनीला परवानगी दिली, पण निकालपत्रातच संसदेला इशारा दिला, की कंपन्यांचा पैसा राजकारणात शिरणे हा लोकशाहीला गुदमरवू शकणारा धोका आहे आणि त्याचा वेळीच बंदोबस्त केला पाहिजे. ज्याच्या बाजूने निकाल द्यावा लागतो, त्याच व्यवहाराच्या धोक्याची घंटा न्यायाधीशाने वाजवावी, हा प्रसंग दुर्मीळ होता. संसदेने 1960 साली कंपन्यांच्या देणग्यांवर सरासरी नफ्याच्या 5 टक्क्यांची किंवा 25,000 रुपयांची मर्यादा घातली, 1969 साली त्यांवर पूर्ण बंदी आणली आणि 1985 साली ती उठवली. बंदीच्या सोळा वर्षांत पक्षांना पैसा लागायचा थांबला नाही, त्याला दुसरा सन्मानाचा मार्गही दिला गेला नाही, त्यामुळे जे व्यवहार वहीत दिसत होते ते वहीबाहेर गेले. नुसत्या मनाईने हा प्रश्न सुटत नाही, हे त्या अनुभवाने दाखवले.

2013 च्या कंपनी कायद्याने ही मर्यादा नफ्याच्या साडेसात टक्के ठरवली होती. 2017 साली ती काढून टाकण्यात आली आणि जानेवारी 2018 मध्ये निवडणूक रोख्यांची योजना आली. या योजनेत देणगीदार स्टेट बँकेतून रोखा विकत घेऊन पक्षाला देत असे आणि मतदाराला त्याचे नाव कळत नसे. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी एकमताने ती योजना घटनाबाह्य ठरवली. तोपर्यंत सुमारे 16,518 कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. निकालाचा गाभा असा, की मत देणाऱ्याला आपल्या प्रतिनिधीच्या पक्षाला कोणी पैसा दिला हे कळण्याचा अधिकार आहे, कारण देणगी आणि धोरण यांचा संबंध त्याखेरीज तपासताच येत नाही. असे असूनही 20,000 रुपयांपर्यंतच्या देणग्यांची नावे पक्षाने आयोगाला कळवण्याचे बंधन आजही नाही, आणि एकाच हाताने दिलेली मोठी रक्कम अनेक छोट्या देणग्यांच्या रूपात मांडणे अवघड नाही.

प्रतिनिधित्व विकत घेता येते का, हा प्रश्न अगदी उघड्या स्वरूपात जानेवारी 2021 मध्ये ग्रामपंचायत निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्रापुढे आला. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले. बोली लावणाऱ्याने द्यायचा पैसा मंदिराच्या कामासाठी होता. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांतील निवडणूक प्रक्रिया रद्द केली. या घटनेची चेष्टा करणे सोपे आहे, पण तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे. तेथे पैसा लपवला गेला नव्हता, तो कोणाच्या खिशात जाणार नव्हता, सर्वांसमक्ष तो देवळाला जाणार होता, आणि गावातल्या अनेकांना त्यात गैर काही वाटले नव्हते. वाद टळतो, गाव बिनविरोध राहते आणि देऊळ उभे राहते, असा त्यामागचा विचार होता. तरीही आयोगाचा निर्णय योग्यच होता, कारण लिलावात पद मिळवणारा गावाचा प्रतिनिधी राहत नाही, तो त्या पदाचा खरेदीदार होतो, आणि ज्याच्याकडे बोली लावायला पैसा नाही त्याला उमेदवारीचा अर्ज भरण्याआधीच घरी बसवले जाते. जो व्यवहार उमराण्यात उघडपणे झाला म्हणून रद्द ठरला, तोच मोठ्या निवडणुकांत तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षे आणि नाव न घेता होत असेल, तर त्याला वेगळे माप का लावावे, याचे उत्तर कायदे करणाऱ्यांनी दिले पाहिजे.

आपल्यापैकी अनेकजण खाजगीत आणि कधी जाहीरपणेही सांगतात, की पैसा मतदारच मागतो, मतदानाच्या आदल्या रात्रीचे लक्ष्मीदर्शन झाल्याशिवाय काही वस्त्या हलत नाहीत. हा आरोप खोटा नाही आणि मतदारांनी तो नाकारू नये. लाच देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. पण मतदार पाकीट मागतो ते बहुतेक वेळा या समजुतीतून, की निवडून गेलेला माणूस पाच वर्षांत आपल्याकडून दुपटीने वसूल करणार आहे, तेव्हा आज हाती येईल ते आपले. ही समजूत उपदेशाने जाणार नाही. पैसा कोठून आला हे जेव्हा मतदाराला दिसू लागेल, तेव्हाच ती सैल होईल.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली बकली खटल्यात देणगीवरची मर्यादा मान्य केली, पण खर्चावरची मर्यादा फेटाळली, कारण आपले म्हणणे लोकांपर्यंत नेण्यासाठी पैसा लागतो आणि तो रोखणे म्हणजे बोलणे रोखणे, असे त्या न्यायालयाचे मत होते. त्याखेरीज असेही म्हटले जाते, की मर्यादा फार खाली ठेवली तर आधीच परिचित असलेल्या विद्यमान प्रतिनिधीचा फायदा होतो आणि नव्या उमेदवाराला ओळख करून देणेच अशक्य होते. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच 40 लाखांचे 20 लाख करावेत अशी मागणी येथे नाही. वास्तवाशी फारकत घेतलेली मर्यादा प्रामाणिक माणसालाही खोटा हिशेब लिहायला लावते. मात्र ज्याच्याकडे पैसा नाही त्याचे बोलणे रोज रोखले जात असताना फक्त पैसेवाल्याच्या बोलण्याची काळजी वाहणारा युक्तिवाद भारतीय राज्यघटनेच्या समतेच्या कल्पनेशी जुळत नाही. ब्रिटनने 1883 साली उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आणली, त्या कायद्याची छाप आपल्या कायद्यावर आहे. पण आपण तेथेच थांबलो आणि ब्रिटनने 2000 साली पक्षांच्या खर्चावरही मर्यादा घातली, शिवाय सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या 365 दिवसांचा खर्च तीत धरला. काळाची आणि पक्षाची अशी दोन्ही दारे कायद्याने बंद करता येतात, याचा हा पुरावा आहे.

पैशाचा मार्ग वेगळा असू शकतो, हे दाखवणारा अनुभव आपल्या शेजारीच आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ ज्यात येतात, त्या हातकणंगले लोकसभा मतदारसंघातून 2009 साली राजू शेट्टी निवडून गेले, ते ऊस उत्पादक शेतकऱ्यांनी दिलेल्या वर्गणीच्या बळावर. ‘एक नोट, एक व्होट’ ही त्या प्रचाराची हाक होती. त्यांच्या पुढच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, ज्या शेतकऱ्याने आपल्या खिशातले दिले तो प्रचारात पाहुण्यासारखा वागला नाही आणि नंतर जाब विचारताना कचरला नाही. प्रतिनिधी हजारो लहान देणगीदारांचा ऋणी असेल, तर ते ऋण आणि मतदारांचे ऋण एकच ठरते. तो मूठभर मोठ्या देणगीदारांचा ऋणी असेल, तर ही दोन देणी कधीतरी एकमेकांसमोर उभी राहतात, आणि त्या दिवशी कोरेगावच्या मतदाराकडे मागणीपत्राशिवाय काही नसते.

म्हणून सन्माननीय खासदारांनी संसदेत कलम 77 च्या दुरुस्तीचा आग्रह धरावा: हिशेबाचा काळ नामनिर्देशनापासून न धरता किमान वर्षभर आधीपासून धरला जावा, पक्षांच्या खर्चाला मर्यादा असावी, आणि देणगी कितीही लहान असली तरी ती कोणाची हे पक्षाच्या वहीत नोंदलेले व तपासता येण्याजोगे असावे. खासगी विधेयक मांडण्याचा अधिकार प्रत्येक खासदाराला आहे आणि ते मंजूर झाले नाही तरी सभागृहाच्या कामकाजात त्याची नोंद राहते. सन्माननीय आमदारांचा मार्ग तर अधिक मोकळा आहे, कारण जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुकांचा कायदा राज्य विधिमंडळाच्या हाती आहे. ज्या जिल्हा परिषदेचा कारभार 2022 नंतर काही वर्षे लोकनियुक्त सदस्यांविना प्रशासकाने पाहिला, तिच्या निवडणुकीत खर्चाचा विस्तृत हिशेब, देणगीदारांची नावे आणि आधीच्या वर्षाचा खर्च यांची सक्ती करण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

यांतली एक गोष्ट मात्र कोणत्याही दुरुस्तीविना उद्या करता येण्याजोगी आहे. निवडणूक संचालन नियम, 1961 च्या नियम 87 प्रमाणे उमेदवाराने हिशेब दिल्यावर दोन दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला आपल्या सूचना फलकावर तशी सूचना लावावी लागते, आणि नियम 88 प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला 1 रुपया शुल्क भरून तो हिशेब पाहता येतो. हा फलक साताऱ्यात आहे आणि मतदार पिंपोड्यात, किन्हईत, देऊरला आणि चिमणगावात आहे. आपण पाचही जणांनी गेल्या निवडणुकीचा आपला हिशेब, त्यातील प्रत्येक देणगीदाराच्या नावासह आणि नामनिर्देशनाआधीच्या वर्षभरात झालेल्या खर्चासह, तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि ग्रामसभेत त्यावर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, ही विनंती.

कळावे,
कोरेगाव तालुक्यातील एक मतदार